विद्यार्थ्यांचा ताण आणि भगवद्गीतेतील संवादपद्धती : आळंदी-चऱ्होली परिसराच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या मानसिक ताणावर उपाय म्हणून भगवद्गीतेचा उल्लेख अनेकदा केला जातो. मात्र बहुतेक वेळा हा उल्लेख दुसऱ्या अध्यायातील निष्काम कर्माच्या एका श्लोकापुरताच मर्यादित राहतो, आणि त्या श्लोकाचा अर्थही 'निकालाची चिंता करू नये' एवढाच सांगितला जातो. गीतेचे ताणनिवारण एखाद्या सुटय़ा वचनात नाही. ते गुरू-शिष्य संवादाच्या क्रमात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. आधी पूर्ण ऐकून घेणे, मग कर्म आणि फळ यांची विभागणी करणे, अपयशाची सर्व कारणे तपासणे, दैनंदिन सवयी सुधारणे आणि शेवटी निर्णय विद्यार्थ्याच्या हाती सोपवणे, असा तो क्रम आहे. प्राध्यापकांना तो कसा उपयोगी पडेल आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचे विवेचन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : ताण, विषाद, संवाद, निष्काम कर्म, समुपदेशन, ज्ञानेश्वरी, ताटीचे अभंग.

१. प्रस्तावना

पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील चऱ्होली बुद्रुक हे इंद्रायणीकाठचे गाव आहे. आळंदी येथून अगदी जवळ आहे, तर भोसरी आणि चाकणचे औद्योगिक पट्टेही फार दूर नाहीत. गेल्या काही दशकांत या परिसरात अभियांत्रिकी, व्यवस्थापन, औषधनिर्माणशास्त्र इत्यादी शाखांचे शिक्षण देणाऱ्या संस्था मोठ्या प्रमाणात उभ्या राहिल्या. मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून आलेले आणि औद्योगिक वसाहतीतील कामगारांच्या घरांतून आलेले विद्यार्थी येथे एकत्र शिकतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या कुटुंबात महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी असते. शैक्षणिक कर्जाचे हप्ते, मराठी माध्यमातून एकदम इंग्रजी माध्यमात झालेला प्रवेश, सत्र परीक्षा, एटीकेटी आणि कॅम्पस इंटरव्ह्यू या सर्वांचा भार ते एकाच वेळी वाहत असतात.

या प्रश्नाचे गांभीर्य आकडेवारीवरून लक्षात येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार देशात २०२१ साली १३,०८९ आणि २०२२ साली १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. या दोन्ही वर्षी राज्यनिहाय संख्येत महाराष्ट्र पहिल्या क्रमांकावर होता. त्याचा वाटा अनुक्रमे १,८३४ आणि १,७६४ इतका होता. म्हणूनच विद्यार्थ्यांच्या ताणाचा विचार केवळ स्वागत समारंभातील व्याख्यानाचा विषय म्हणून करता येणार नाही.

गीतेकडे आधार म्हणून पाहण्याची मराठी परंपरा मोठी आहे, आणि ती बऱ्याच अंशी अडचणीच्या काळातच घडलेली आहे. समाजाने वाळीत टाकलेल्या कुटुंबातील ज्ञानेश्वरांनी १२९० साली नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगितली. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ मध्ये गीतारहस्य लिहिले. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात सहबंद्यांसमोर दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. जन्मवर्षाच्या दोन परंपरा लक्षात घेतल्या, तरी ज्ञानेश्वरी सांगताना ज्ञानेश्वरांचे वय पंधरा ते एकोणीस वर्षांच्या दरम्यानच येते. आजच्या भाषेत बोलायचे तर ते कनिष्ठ किंवा वरिष्ठ महाविद्यालयात शिकण्याच्या वयाचे होते.

२. ताण : संकल्पना

हान्स सेल्ये यांनी १९३६ साली मांडलेल्या संशोधनानंतर ताण ही वैद्यकशास्त्रातील महत्त्वाची संकल्पना ठरली. बाह्य आघाताला शरीर ठरावीक पद्धतीने प्रतिसाद देते आणि आघात दीर्घकाळ टिकल्यास शरीराची क्षमता संपुष्टात येते, असे त्यांनी दाखवले. पुढे १९८४ साली लाझारस आणि फोकमन यांनी ताणाचे मूळ केवळ घटनेत नसून त्या घटनेच्या मूल्यमापनात असते, असे प्रतिपादन केले. समोरचे आव्हान आपल्या सामर्थ्यापलीकडचे आहे, असे व्यक्तीला वाटू लागले की ताण निर्माण होतो. याचाच अर्थ एकच प्रश्नपत्रिका दोन विद्यार्थ्यांना सारखाच ताण देईल असे नाही.

सर्व ताण अपायकारक असतो असेही नाही. येर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ साली केलेल्या प्रयोगांपासून असे मानले जाते, की मध्यम प्रमाणातील उत्तेजना कार्यक्षमतेला पोषक ठरते, तर अतिरिक्त उत्तेजना ती घटवते. तेव्हा ताण पूर्णपणे नाहीसा करणे हे शिक्षकाचे उद्दिष्ट असू शकत नाही. तो विद्यार्थ्याच्या पेलण्याच्या मर्यादेत आणणे हेच उद्दिष्ट असावे.

३. अर्जुनाचा विषाद आणि ऐकणारा गुरू

गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नाव 'अर्जुनविषादयोग' असे आहे. एका तत्त्वग्रंथाचा आरंभ खचलेल्या मनःस्थितीच्या वर्णनाने व्हावा आणि त्या विषादालाही 'योग' म्हणावे, ही बाब लक्षणीय आहे. अठ्ठाविसाव्या ते तिसाव्या श्लोकांत अर्जुन आपली शारीरिक लक्षणे स्वतःच सांगतो. गात्रे शिथिल होतात, तोंडाला कोरड पडते, अंगाला कंप सुटतो, त्वचेचा दाह होतो, हातातून धनुष्य गळते आणि मन भ्रमल्यासारखे होते. परीक्षागृहाबाहेर किंवा तोंडी परीक्षेच्या दारात उभा असलेला विद्यार्थी यांपैकी कित्येक लक्षणे ओळखू शकेल. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. अर्जुन हा दुबळा विद्यार्थी नव्हता, तो आपल्या विद्येत सर्वश्रेष्ठ होता. हुशार विद्यार्थी खचत नाही हा समज गीतेच्या पहिल्याच अध्यायात निराधार ठरतो.

या संपूर्ण अध्यायात श्रीकृष्णाच्या तोंडी जेमतेम एक वाक्य आहे. उरलेला वेळ तो ऐकतो. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी मात्र तो अर्जुनाला कठोर शब्दांत बजावतो आणि ही दुर्बलता तुला शोभत नाही असे सांगतो. या बोलण्याचा परिणाम काय झाला, हे प्राध्यापकांनी आवर्जून पाहावे. अर्जुन उभा राहिला नाही. त्याने आपली शंका अधिक स्पष्टपणे मांडली, आपण गोंधळलो आहोत याची कबुली दिली, शिष्यत्व पत्करले आणि तरीही 'मी लढणार नाही' असे म्हणून तो गप्प बसला. म्हणजे केवळ कानउघाडणीने काम भागले नाही. खरा उपदेश सुरू होतो तो अकराव्या श्लोकापासून, आणि पुढचे जवळजवळ सर्व अध्याय त्यासाठी खर्ची पडतात. 'मन घट्ट कर', 'एवढ्याने काय होते', 'आमच्या वेळी याहून कठीण होते' ही वाक्ये शिक्षकाच्या तोंडी सहज येतात. गीतेच्या साक्षीने पाहता ती पुरेशी नाहीत.

संवादाचा दुसरा विशेष म्हणजे शिष्याला असलेली मोकळीक. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी, तुमच्या संमिश्र बोलण्याने माझी बुद्धी गोंधळते, असे अर्जुन स्पष्टपणे म्हणतो. पाचव्या अध्यायात तो पुन्हा तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतो. सहाव्या अध्यायात तर सांगितलेली साधना मला जमणारी नाही, मन आवरणे वाऱ्याला आवरण्याइतकेच कठीण आहे, असे तो सांगतो. त्यावर श्रीकृष्ण रागावत नाही. मन आवरण्यास कठीण आहे यात शंका नाही, असे तो आधी मान्य करतो आणि मगच अभ्यास व वैराग्य यांचा मार्ग सांगतो. विद्यार्थ्याची अडचण खरी आहे हे आधी मान्य करणे आणि नंतर उपाय सुचवणे, हा आधुनिक समुपदेशनातही महत्त्वाचा मानला जाणारा क्रम येथे आढळतो.

४. कर्म आणि फळ यांची विभागणी

दुसऱ्या अध्यायातील सत्तेचाळिसाव्या श्लोकात चार विधाने आहेत. कर्म करण्याचा तुला अधिकार आहे. फळावर तो कधीही नाही. फळाची इच्छा हा तुझ्या कर्माचा हेतू नसावा. आणि कर्म न करण्याकडेही तुझा ओढा नसावा. व्यवहारात पहिली दोन विधाने सांगितली जातात आणि चौथे विसरले जाते. परिणामी हा श्लोक उदासीनतेचे समर्थन करतो असा गैरसमज होतो. टिळकांनी गीतारहस्यात कर्मयोगावर जो भर दिला, तो याच गैरसमजाच्या विरोधात होता.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने या श्लोकाचा अर्थ विभागणीचा आहे. रोज किती तास बसायचे, किती उदाहरणे सोडवायची, मागील वर्षांच्या किती प्रश्नपत्रिका लिहून काढायच्या, शंका कोणाला विचारायच्या, हे सर्व त्याच्या अधिकारातील कर्म होय. प्रश्नपत्रिका कशी निघेल, कटऑफ किती लागेल, त्या वर्षी कंपनी किती जागा भरेल, हे त्याच्या अधिकाराबाहेरचे आहे. चाकणच्या वाहन उद्योगातील मंदी-तेजीवर येथील अनेक विद्यार्थ्यांची नोकरी अवलंबून असते. पण त्या मंदी-तेजीवर कोणाही विद्यार्थ्याचे नियंत्रण नसते. एका कागदाचे दोन भाग करून हे दोन्ही स्तंभ विद्यार्थ्याकडूनच लिहून घेतल्यास चिंतेचा मोठा भाग कोणत्या स्तंभात आहे, हे त्याचे त्यालाच दिसते.

निकालाचे महत्त्व नाकारणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल. ज्याच्या घरी कर्जाचा हप्ता आहे त्याला निकाल महत्त्वाचाच आहे. फळाचे महत्त्व मान्य करूनही आजचे लक्ष कर्मावर ठेवणे, एवढाच येथे आग्रह आहे.

५. अपयशाची पाच कारणे

ताणाच्या संदर्भात फारसा उल्लेखिला न जाणारा, परंतु प्राध्यापकांना सर्वाधिक उपयोगी पडेल असा भाग अठराव्या अध्यायात आहे. चौदाव्या श्लोकात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. त्यानंतर सोळाव्या श्लोकात, जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला यथार्थ दिसत नाही, असा निष्कर्ष येतो. यशानंतरच्या अहंकाराला हा उपदेश लागू पडतोच. अपयशानंतरच्या आत्मनिंदेलाही तो तितकाच लागू पडतो.

पहिल्या सत्रात गणितात अनुत्तीर्ण झालेला विद्यार्थी 'माझ्यात कुवतच नाही' असे म्हणतो, तेव्हा पाच कारणांपैकी केवळ 'कर्ता' या एकाच कारणावर तो सर्व भार टाकत असतो. शिक्षकाने उरलेली चार कारणे त्याच्यासोबत तपासावीत. अधिष्ठान म्हणजे आधार किंवा स्थान : त्याची प्रकृती कशी आहे, राहण्याच्या खोलीत अभ्यासाला जागा आहे काय? करण म्हणजे साधने : पुस्तके आहेत काय, इंग्रजीतील संज्ञा समजतात काय? चेष्टा म्हणजे विविध प्रयत्न : तो नुसते वाचतो की लिहून सोडवतो? दैव म्हणजे आपल्या हाती नसलेले : परीक्षेच्या सुमारास घरी आजारपण होते काय? बऱ्याचदा अडचण बुद्धीत नसून माध्यमबदलात किंवा अभ्यासपद्धतीत आहे असे दिसून येते, आणि त्या दोहोंवर उपाय करता येतो. लाझारस आणि फोकमन ज्याला मूल्यमापन म्हणतात, त्याची फेरमांडणी यातून होऊ शकते. दोन्ही विचारांची भूमिका आणि प्रयोजन भिन्न असले तरी व्यवहारातील हे साम्य नोंदवण्याजोगे आहे.

६. दिनचर्या आणि अपुरे राहिलेले प्रयत्न

सहाव्या अध्यायातील सोळाव्या व सतराव्या श्लोकांत आहार, विहार, कर्म, निद्रा आणि जागरण यांतील प्रमाणबद्धता सांगितली आहे. अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. अति झोपणाऱ्याला नाही, तसा सतत जागणाऱ्यालाही नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करणाऱ्या वसतिगृहातील विद्यार्थ्याला हा उपदेश जसाच्या तसा लागू होतो. शिकलेले स्मरणात पक्के होण्यासाठी झोप आवश्यक असते, हे आधुनिक संशोधनानेही दाखवले आहे.

त्याच अध्यायात अर्जुन एक विलक्षण प्रश्न विचारतो. श्रद्धा आहे, पण प्रयत्न अपुरा पडला आणि साधना मध्येच सुटली, अशा माणसाचे काय होते? फाटलेल्या ढगाप्रमाणे तो दोन्हीकडून नष्ट होतो काय? वर्ष वाया गेलेला, बॅकलॉगमुळे मित्रांच्या मागे राहिलेला विद्यार्थी हाच प्रश्न मनात घेऊन वावरत असतो. त्याचे उत्तर देताना श्रीकृष्ण अर्जुनाला 'तात' असे वात्सल्याने संबोधतो आणि चांगले करणारा कधीही दुर्गतीला जात नाही असे सांगतो. त्याने केलेला अभ्यास पुढे त्याच्या उपयोगी पडतो, हा त्या उत्तराचा आशय आहे. अनुत्तीर्ण विद्यार्थ्याशी बोलताना प्राध्यापकाचा स्वर कसा असावा, याचा हा वस्तुपाठ होय.

७. ताटीचे अभंग : परिसरातील उदाहरण

गुरू-शिष्य नात्याबाहेरही आधार असतो, याचे उदाहरण याच परिसराच्या परंपरेत आहे. लोकांच्या वागण्याने व्यथित होऊन ज्ञानेश्वर झोपडीची ताटी म्हणजे दार लावून आत बसले आणि धाकट्या बहिणीने, मुक्ताबाईने, ते उघडावे म्हणून त्यांची विनवणी केली, असे वारकरी परंपरा सांगते. तिच्या नावावरील ताटीचे अभंग या प्रसंगातून आले आहेत.

स्वतःला कोंडून घेणे, भेटणे-बोलणे थांबवणे हे मानसिक त्रासाचे एक महत्त्वाचे लक्षण मानले जाते. मुक्ताबाईने काय केले, हे त्या दृष्टीने पाहता येते. तिने दार फोडले नाही आणि ती निघूनही गेली नाही. ती दाराशी थांबून पुन्हा पुन्हा विनवत राहिली. तिने भावाला त्याच्याच थोरवीची आठवण करून दिली, आणि आपल्याच दातांनी जीभ चावली गेली तर कोणी दात पाडत नाही, अशा घरगुती दाखल्याने रागाची व्यर्थता पटवली. ती वयाने लहान होती, हेही महत्त्वाचे आहे. खचलेल्या विद्यार्थ्याची अवस्था अनेकदा प्राध्यापकांच्या आधी त्याच्या खोलीतील सोबत्याच्या लक्षात येते. त्यामुळे अशा वेळी काय करावे आणि कोणाला कळवावे याचे शिक्षण सर्वच विद्यार्थ्यांना देणे आवश्यक आहे.

८. मर्यादा आणि दक्षता

गीतेचा असा उपयोग करताना काही दक्षता घेणे अपरिहार्य आहे.

पहिली बाब घटनात्मक आहे. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार संपूर्णपणे शासकीय निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, तर मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत कोणाही विद्यार्थ्यावर त्याच्या संमतीशिवाय त्याची सक्ती करता येत नाही. वर्गात सर्व धर्मांचे आणि धर्म न मानणारेही विद्यार्थी असतात. म्हणून गीतेतील पद्धती प्राध्यापकांनी स्वतः आचरणात आणावी; श्लोक विद्यार्थ्यांवर लादू नयेत. ऐकून घेण्यासाठी श्लोक म्हणून दाखवण्याची गरज नसते.

दुसरी बाब अर्थाची आहे. स्वधर्माविषयीचा उपदेश काही वेळा 'घराण्याचा व्यवसायच कर' किंवा 'वडिलांनी निवडलेली शाखा सोडू नकोस' अशा अर्थाने वापरला जातो. नको असलेली शाखा हेच ज्याच्या ताणाचे कारण आहे, त्याला हा अर्थ अधिकच अडकवतो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची बाब उपचारांची आहे. नैराश्य हा आजार आहे. सतत टिकणारी उदासी, झोप व भूक यांतील मोठे बदल, वर्गातील दीर्घ अनुपस्थिती, जगण्याविषयी निरिच्छेचे बोलणे ही लक्षणे दिसल्यास विद्यार्थ्याला विनाविलंब समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञांकडे पोहोचवले पाहिजे. उपदेश हा औषधोपचारांचा पर्याय नव्हे. केंद्र शासनाची १४४१६ ही टेलि-मानस दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमणे अपेक्षित आहे. गुणांवरून विद्यार्थ्यांची जाहीर मानहानी करू नये, असेही त्यात नमूद आहे.

९. प्राध्यापकांसाठी उपयोजन

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी सुचवता येतील. मार्गदर्शक प्राध्यापकाने पहिल्या भेटीत उपदेश टाळून विद्यार्थ्याला पूर्ण बोलू द्यावे. दुसऱ्या भेटीत अधिकारातील आणि अधिकाराबाहेरील गोष्टींचे दोन स्तंभ त्याच्याकडून लिहून घ्यावेत. सत्र निकालानंतर अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांसोबत पाच कारणांची तपासणी करावी आणि त्यातून आलेल्या साधनांच्या अडचणी विभागाने सोडवाव्यात. निकाल वर्गात मोठ्याने वाचून दाखवू नयेत. अपयशी विद्यार्थ्याशी बोलताना आधी त्याने केलेल्या प्रयत्नांची नोंद घ्यावी. धोक्याची लक्षणे दिसताच विद्यार्थ्याला समुपदेशकाकडे स्वतः घेऊन जावे. केवळ दूरध्वनी क्रमांक देऊन थांबू नये.

१०. समारोप

गीतेच्या अखेरीस गुरू दोन गोष्टी करतो. अठराव्या अध्यायाच्या त्रेसष्टाव्या श्लोकात, मी सांगितलेल्याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला इच्छा असेल तसे कर, असे सांगून तो निर्णय शिष्यावर सोपवतो. बहात्तराव्या श्लोकात, तू हे एकाग्रतेने ऐकलेस काय, तुझा मोह गेला काय, असे तो विचारतो. एवढे सांगून झाल्यावरही शिष्याला समजले असेलच, असे तो गृहीत धरत नाही.

ताणग्रस्त विद्यार्थ्याशी झालेले बोलणे एका भेटीत संपत नाही. पंधरा दिवसांनी त्याला पुन्हा बोलावून 'आता कसे वाटते?' असे विचारणे हा त्या संवादाचाच भाग आहे, आणि विद्यार्थीसंख्या कितीही मोठी असली तरी तो टाळता येण्याजोगा नाही. ज्या परिसरात ज्ञानेश्वरांची समाधी आहे, तेथील महाविद्यालयांनी गीतेचा वारसा भिंतीवरील सुभाषितांपुरता न ठेवता मार्गदर्शक प्राध्यापकाच्या खोलीपर्यंत आणला, तर येथील विद्यार्थ्यांना त्याचा खरा लाभ होईल.